विचारल्याशिवाय कापायचं नाही

काका, त्या बुधवारी सकाळी दहा वाजता मी दोन पिशव्या जुने कीबोर्ड घेऊन तुमच्या दारात उभी होते, आणि तुम्हाला हॉलमध्ये खाली चटईवर निजवलेलं होतं. फाटकाबाहेर चपलांचा ढीग बघून मला वाटलं, काकूंनी सत्यनारायण घातला आणि मला सांगायचं विसरल्या. थोडा रागच आला. बोलवायला काय झालं होतं, असं विचारायचं ठरवूनच मी पायऱ्या चढले. मग काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. एका पिशवीचा बंद तुटला. कीबोर्डची बटणं घरूनच उपटून आण, इथे वेळ जातो, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? ती सगळी बटणं लोकांच्या चपलांत सांडली. आत बायका रडत होत्या आणि मी उकिडवी बसून चपलांमधून अक्षरं वेचत होते. कुणीतरी म्हणालं, राहू द्या हो ते आता. मी म्हटलं, राहू कसं देऊ, या बटणांच्या नावाच्या पाट्या करतो आम्ही, त्यांना ‘ए’ कायम कमी पडतात, काका ओरडतील. हे मी तुमच्यापासून आठ पावलांवर बोलले. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण तुम्ही गेला आहात हे माझ्या आतपर्यंत पोचलंच नव्हतं. आज पंधरावा दिवस आहे आणि अजूनही ते अर्ध्या वाटेवर आहे.

काकूंना जे ठाऊक आहे ते एवढंच. तुम्ही सहाला उठलात, कॉफी मागितलीत, काकू कॉफी घेऊन आल्या तेव्हा तुम्ही खुर्चीत मान टाकलेली होती. दूध तापायला लागतो तेवढा वेळ. आदल्या दिवशी घाम आला होता का, छातीत दुखतं म्हणाले होते का, हात जड झाला होता का, असं मी काकूंना तीनतीनदा विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा शांतपणे नाही म्हटलं. मग मंदारने, माझ्या नवऱ्याने, मला हाताला धरून बाहेर नेलं. अकरा वर्षं मी मैसूरच्या हेब्बाळमधल्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम केलं. कशामुळे बंद पडलं ते सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि तुम्ही काही कारण न देता बंद पडलात.

काका, मला तुमचा राग येतो आहे. तो आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आपली गाठ पडली ती माझी नोकरी गेल्यावर. माझ्या घरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता आणि विजयनगरात कुणीतरी सांगितलं की तिसऱ्या क्रॉसच्या गल्लीत गणपतराव म्हणून एक जण आहेत, पॉलिटेक्निकच्या लॅबमधून रिटायर झालेले, गॅरेजमध्ये बसून असले उद्योग करतात. गाडी कधीच न शिरलेलं ते गॅरेज. भिंतीला टांगलेल्या हॅकसॉ करवती, डब्यात सुटे स्क्रू, आणि खिडकीत हार्ड डिस्कच्या चकतीचं आकडे नसलेलं घड्याळ. तुम्ही माझा कॉम्प्युटर उघडलात, अर्धा तास खुडबूड केलीत आणि म्हणालात की गेला. मग त्याच्या प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी ती ॲल्युमिनियमची पट्ट्यापट्ट्यांची वीट हातात घेऊन मला विचारलंत, “व्हिजिटिंग कार्ड आहे का तुझ्याकडे?” पर्समध्ये गड्डी होती. नोकरी गेली तरी कार्डं शिल्लक होती, फेकवत नव्हती. तुम्ही ती एकेक करून त्या पट्ट्यांमध्ये खोचलीत. बरोबर बसली. “बघ, स्टँड झाला. सुम्ने, उगाचच फेकणार होतीस.”

मी तिथेच रडले. तुम्हाला वाटलं कॉम्प्युटर गेला म्हणून. काकूंना मात्र कळलं असावं, त्यांनी इडली आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आले आणि मग येतच राहिले. सांगलीहून इथे येऊन मला सतरा वर्षं झाली होती, पण मैसूरमध्ये माझं म्हणावं असं एकही घर नव्हतं. तुम्ही मला ‘मगळे’ म्हणून हाक मारायला लागलात. कन्नडात लेकीला असं हाकारतात हे मला नंतर कळलं, आधी मला वाटलं माझं नावच तुम्हाला उच्चारता येत नाही. पिढ्यानपिढ्या मैसूरात मुरलेल्या तुमच्या मराठीला मी किती हसले. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच कन्नडात उतरायचं आणि शेवटी ‘अल्वा?’, म्हणजे ‘हो ना?’, म्हणून माझ्याकडे बघायचं. माझी मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी आहे, असं तुम्ही काकूंना सांगितलं होतंत. एकदा मी फारच चेष्टा केली, तर तुम्ही टेस्टिंगच्या फळीकडे बोट दाखवून म्हणालात, “आमची मराठी तशी आहे. सगळीकडचे पार्ट आहेत. पण चालते.”

ती फळी. तिच्याबद्दलच लिहायचं आहे आणि म्हणून मी इकडचं तिकडचं लिहीत बसले आहे.

ज्यांनी तुमचं गॅरेज पाहिलं नाही त्यांना ती फळी म्हणजे कचरा वाटली असती. प्लायवूडच्या तुकड्यावर स्क्रूने बसवलेला एक उघडा मदरबोर्ड, शेजारी धुळकट पॉवर सप्लाय, एक छोटा स्पीकर आणि चालू करायला चक्क घराच्या दारावरच्या बेलचं बटण. भंगारातून आलेला प्रत्येक पार्ट आधी त्या फळीवर जायचा. मेमरीची पट्टी असो, हार्ड डिस्क असो, तो लावायचा, बेलचं बटण दाबायचं आणि ऐकायचं. एकच छोटा बीप आला की तुम्ही म्हणायचात, “हौदु म्हणाला.” हो म्हणाला. मग त्याच्यावर कागदी टेपचा तुकडा, त्यावर पेन्सिलने ‘चा’, म्हणजे चालतो, आणि रवानगी कुलूपबंद ट्रंकेत. काहीच आवाज आला नाही तर टेपवर ‘मे’, आणि मगच त्याला हॅकसॉ लागायची. मेलेल्या पार्टांचे पेनस्टँड, चावी अडकवायच्या पट्ट्या, पेपरवेट. चालत्याला हात लावायचा नाही. विचारल्याशिवाय कापू बेडा, कापायचं नाही, हा तुमचा एकच नियम होता, आणि कापताना तोंडाला फडकं बांधणं हा दुसरा.

मला तो नियम कधीच पटला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षांपूर्वीची मेमरी चालते, तर चालू दे ना, तिला घेणार कोण? ट्रंक भरून वाहते आहे आणि इकडे ऑर्डरला माल कमी पडतो. मी म्हणायची, काका, ही कारागिरी आहे की पांजरपोळ? तुम्ही हसायचात आणि कानशीने कडा घासत राहायचात. फक्त एकदाच सांगितलंत. पॉलिटेक्निकमध्ये एका वर्षी लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एका कागदावर निकामी ठरवले, आणि खाली साक्षीदार म्हणून तुमची सही घेतली. तुम्ही एकही चालू करून न बघता सही केलीत. ट्रक भरताना सहज एकाची वायर प्लगमध्ये खोचलीत, तर तो चालू झाला. मग दुसरा. ट्रकवाला घाई करत होता. तेवढं सांगून तुम्ही म्हणालात, “सही मी केली होती, मगळे.” मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. तसं मी बोललेही. आज ते शब्द परत घेता येत नाहीत.

आता तो सोमवार.

हेब्बाळमधल्या एका ऑफिसातल्या तीस जणांची टीम फुटणार होती, प्रत्येकाला आठवण म्हणून पेनस्टँड हवा होता. शब्द मी दिला होता, नोकरी गेल्यानंतरची माझी पहिली मोठी ऑर्डर, आणि तीही हेब्बाळमधली. माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी कुणीतरी तिथे असेल, बघेल, ही हौस होती. चार वाजता, कंपनीच्या बसेस निघायच्या आत, माल पोचायला हवा होता. एकोणतीस झाले. तिसाव्याला बोर्ड उरला नाही. तुम्ही सोमवारचे नंजनगूडला देवाला गेला होतात, ट्रंकेची किल्ली तुमच्या खिशात, आणि फोन नेहमीप्रमाणे घरी टेबलावर. माझ्या डोळ्यांसमोर एकच बोर्ड होता. फळीवरचा.

त्यालाही टेप होती. मी पूर्वी चिडवलं होतं की यालाही विचारलंत वाटतं, तर तुम्ही म्हणाला होतात, रोज विचारतो. मला पक्कं ठाऊक होतं तो कोण आहे ते. मी स्क्रू काढले. टेप ओढून काढली, बोटांत चुरगळून तिची गोळी केली आणि केराच्या डब्यात टाकली. अंगठ्याला डिंक लागलेला होता, तो तिला चिकटला, एवढंही आठवतं. मग फडकं बांधून बोर्ड कापला. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात एकदाही हात थांबला नाही, काका.

संध्याकाळी तुम्ही विभूती लावून, हातात केळी घेऊन आलात आणि रिकाम्या फळीसमोर उभे राहिलात. मी म्हटलं की मला तो भंगारातला वाटला. टेप नव्हती त्याला. तुम्ही हातातली केळी टेबलावर ठेवलीत. मग तुम्हीच मला वाट काढून दिलीत. म्हणालात, “टेप पडली असंल.” आणि मी म्हटलं, “हो, पडली असेल.”

“आयतु,” म्हणालात तुम्ही. झालं ते झालं. आणि मला केळ दिलंत.

ते केळ मी खाल्लं. हा माणूस आता ओरडेल, निदान पुटपुटेल, म्हणून मी वाट बघत होते. ओरडला असतात तर मीही ओरडले असते, आणि भांडणात खरं बाहेर पडलं असतं, आमच्या सांगलीकडे तसंच पडतं. तुमच्या त्या ‘आयतु’ने माझं तोंड शिवून टाकलं.

पुढचे आठ दिवस तुम्ही काहीही तपासलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, सध्या विचारायचं बंद. सकाळी मला कडा घासायला बसवायचात आणि बारा वाजले की घरी पिटाळायचात, ऊन वाढते, जा. याआधी कधी मला घालवलं नव्हतंत. मला वाटलं, मनातून उतरले मी. काका धुसफुसतायत आणि सभ्य माणूस म्हणून बोलत नाहीत. मीही मग हट्टाला पेटले. बोर्ड मेला तर मेला, एवढं काय त्याचं, असं मंदारला सांगत राहिले. त्याने एकदाच विचारलं, मग तुझी झोप का उडाली आहे?

मंगळवारी मी निघताना तुम्ही फाटकापर्यंत आलात आणि म्हणालात, “उद्या दहाला ये. काम आहे.” आवाज गंभीर होता. मी ठरवलं की उद्या हे विचारणार, त्याआधी आपणच सांगून टाकायचं. त्या बुधवारी स्कूटरवरून येताना मी वाक्य पाठ करत होते. काका, टेप पडली नव्हती. मी काढली होती. सिग्नलला मोठ्याने म्हणून बघितलं, शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. कीबोर्डच्या दोन पिशव्याही त्यासाठीच होत्या, तुमचा राग निवावा म्हणून. तुम्ही चार तास आधी निघून गेला होतात आणि मी तुमच्या घराच्या वळणावर, कमी शब्दांत माफी कशी मागावी, याचा विचार करत होते.

चार तास. हे माझ्या डोक्यात कसं मावायचं, तुम्हीच सांगा.

मग पश्चिमवाहिनीला नदीत अस्थी सोडून झाल्या, तेरावं झालं. मी पाहुण्यांना कॉफी देत राहिले. लोक मला विचारत, तुम्ही यांच्या कोण? मी म्हणायची, आम्ही बरोबर काम करायचो. ते मान डोलवायचे आणि त्यांना काही कळायचं नाही. कुणाला सांगू की छत्तिसाव्या वर्षी मी कानस धरायला शिकले, आणि ज्यांनी शिकवलं त्यांनी माझी बिनकामाची कार्डंसुद्धा टेबलावर उभी केली? तुमच्यामुळे मी सकाळी उठायला लागले होते, काका. हे तुम्ही असताना एकदाही बोलले नाही. आपल्यात बोलणं व्हायचं ते पांजरपोळाचं.

काल काकूंनी बोलावलं. त्यांचा भाऊ आला होता, गॅरेज रिकामं करून भाड्याने द्यावं असं भावाचं म्हणणं. भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं, सगळं एकदम उचलून नेईल. वाईट माणूस नाहीत ते, काळजीपोटीच बोलत होते. त्यांनी मला विचारलं की तुम्ही यातल्या जाणकार, हे सगळं निकामीच ना? हो म्हणा, म्हणजे ताईचं समाधान होईल.

काका, ती सहीच होती. तीच सही, फक्त या वेळी माझी.

मी म्हटलं, बघून सांगते. आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा गॅरेजचं दार उघडलं.

कोपऱ्यात, काकूंच्या जुन्या साडीखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी साडी ओढली. नवी प्लायवूडची फळी होती, कडा तुमच्या हाताने घासलेल्या. तिच्यावर एक बोर्ड, एक पंखा, एक मेमरीची पट्टी, पॉवर सप्लाय, स्पीकर, आणि तेच बेलचं बटण. प्रत्येक पार्टवर टेप, प्रत्येक टेपवर तुमचं पेन्सिलचं ‘चा’. सगळं ट्रंकेतलं. ज्याला कुणी घेणार नाही असं मी ओरडून सांगत होते, त्यातूनच तुम्ही तिला पुन्हा उभी केली होतीत. बाराच्या उन्हाचं निमित्त करून मला का घालवत होतात ते तेव्हा कळलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, “मंगळवारी संध्याकाळी झाली ती. तू आल्यावर चालू करतो म्हणाले. मला पण हात लावू दिला नाही.”

मी वाकून बघितलं. बोर्डवरची टेप बाकीच्यांसारखी सपाट नव्हती. चुरगळलेली होती, शंभर सुरकुत्या पडलेली, कुणीतरी नखाने घासून घासून सरळ केलेली. एका कोपऱ्यात वाळलेल्या डिंकाचा डाग, आणि त्या डागात अंगठ्याच्या रेषा.

केराचा डबा तुम्ही उलटा करून बघितल्याशिवाय कधी बाहेर ठेवला नाहीत. हे मला ठाऊक होतं. त्या सोमवारी कसं आठवलं नाही?

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्या संध्याकाळी डबा उलटा केलात तेव्हापासून माहीत होतं, आणि रोज सकाळी तुम्ही माझ्यासमोर बसून कडा घासत होतात, इडली पुढे करत होतात, ऊन वाढते म्हणत होतात. माझी गोळी तुम्ही उलगडलीत, आणि नव्या फळीच्या बरोब्बर मध्यावर लावलीत, जिथे मला दिसलीच असती. बुधवारी दहा वाजता.

मी तिथेच धुळीत बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग हात लांब करून बेलचं बटण दाबलं. पंखा आधी अडखळला, मग फिरायला लागला. एक क्षण काहीच नाही. आणि मग एकच छोटा बीप.

“हौदु म्हणाला?” काकूंनी दारातून विचारलं. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकत आल्या होत्या त्या.

मी त्यांना हो म्हटलं. मग फळीकडे बघून, पंखा फिरत असताना, ते पाठ केलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं, “काका, टेप पडली नव्हती. मी काढली होती.”

तुमची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्याकडे बघतच राहिले.

काकू पुढे आल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली, ट्रंकेची.

“आयतु,” त्या म्हणाल्या. “आता एकेकाला विचार.”